दोन कड्यांचा ॲम्प

अक्का गाणं कानानं ऐकायची नाही, तळहातानं ऐकायची. मांडवात आमचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला की ती स्टेजपासून सगळ्यांत लांबच्या खांबापाशी जाऊन उभी राहायची आणि खांबाला हात लावायची. खांब थरथरला तर लांबूनच मान हलवायची. नाही थरथरला तर हात वर करायची, म्हणजे आवाज वाढवा. तुला कसं कळतं म्हणून एकदा विचारलं, तर तिच्या माहेरच्या बोलीत म्हणे, "खांब बोली राहिना ना." खांब बोलतोय. झालं तिचं उत्तर.

अक्का म्हणजे माझी बायको. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतले सगळे तिला अक्का म्हणायचे. मी जन्मभर "ऐकलं का" एवढीच हाक मारली, नाव कधी घेतलं नाही. आता ती नाही तर नाव लिहायला हात धजत नाही. म्हणून मीपण अक्काच लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं तर चुकलं.

मी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची. तिचा सूर कुणी मुद्दाम ऐकत नाही, पण ती बंद पडली की गाणं लंगडं होतं. तिला ॲम्प्लिफायर लागतो आणि आमच्या काळातला ॲम्प म्हणजे स्पीकरसकट लाकडी पेटी, आत लोखंडाचा गोळा, वजन पंचेचाळीस किलो. पार्टीची रीत अशी की ज्याचं सामान त्यानं उचलायचं. कुणी कुणाच्या सामानाला हात लावायचा नाही. ॲम्पला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. एक मी धरायचो, एक अक्का. एकतीस वर्षं आम्ही ती पेटी अशी टेम्पोतून मांडवात आणि मांडवातून टेम्पोत नेली.

ढोलकीवाला नाना चिडवायचा, "आबा, तुमच्या दोघांची सप्तपदी अजून संपली नाही का?"

अक्का चालता चालताच म्हणायची, "तुमची ढोलकी बगलेत मावते नाना, म्हणून तोंड मोकळं राहतं."

तिला खोळ शिवायचा भारी सोस. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, गिटारीला तर दोन. ॲम्पची खोळ तिनं ट्रकच्या सीटच्या रेक्झिनची शिवली होती. कड्यांच्या जागी भोकं ठेवली होती. माझ्या बाजूच्या कडीवर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली, हाताला रुतू नये म्हणून. तिच्या बाजूची कडी उघडी. हे मी रोज बघायचो. बघून कधी काही बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी तो ॲम्प जळाला. नवीन घ्यायला आम्ही दोघं जळगावातल्या दुकानात गेलो. दुकानदार चांगला होता, नीट समजावून सांगत होता. आता आत लोखंडाचा गोळा नसतो म्हणाला, स्पीकरचं चुंबकही हलक्या धातूचं. वजन तेरा किलो आणि ताकद पाचशे वॅट. फक्त एक ध्यानात ठेवा म्हणाला, पूर्ण पाचशे पाहिजे तर बाहेरून अजून एक बॉक्स जोडावा लागेल, एकट्या पेटीतून थोडं कमी निघतं.

अक्का म्हणाली, "भाऊ, वॅट राहू द्या. शेवटच्या खांबापर्यंत पोचतं का, तेवढं सांगा."

त्यानं लावून दाखवलं. मी दोन सूर वाजवले. अक्कानं दुकानाच्या शटरला तळहात लावला आणि मान हलवली. मग मला म्हणाली, "एका हातानं उचला बरं." मी उचलला. पाण्याच्या जारपेक्षा हलका.

मी तिथंच बिघडलो. पेटीवर बोटाचं हाड आपटून बघितलं, आपण माठ वाजवून बघतो तसं. पोकळ वाजली. मी म्हणालो, हलकं ते पोकळ, हे खेळणं आहे, मला नको. दुकानदार म्हणाला, आबा, माठ वेगळा, ॲम्प वेगळा. मी ऐकलं नाही. चार दिवसांनी धुळ्याला एक ऑर्केस्ट्रा मोडला होता, त्यांचा जुना ॲम्प घेऊन आलो. हा पहिल्यापेक्षाही जड. छाती फुगवून अंगणात ठेवला.

अक्कानं भोवती एक चक्कर मारली. "दोन कड्या शेतस ना?" म्हणाली. "मंग चाली." दोन कड्या आहेत तर चालेल. आणि खोळीचं माप घ्यायला लागली.

त्या वर्षी तिला एक नवीन सवय लागली. पेटी नेताना अर्ध्या वाटेत म्हणायची, "थांबा, पदर सावरू द्या." पेटी टेकवायची, पदर सावरायची, पुन्हा उचलायची. पुढं पुढं एका खेपेत तीन तीनदा. मी वैतागायचो. "पदर आहे का मांडवाचं कापड, कितीदा सावरते?" म्हणायचो. ती हसायची. पदर जागेवरच असायचा. मी पदराकडं बघितलंच नाही, मी घड्याळाकडं बघत होतो.

मग नरडाण्याकडच्या एका गावात लग्न होतं, तिच्या माहेरच्याच भागात. भर दुपार. टेम्पोपासून मांडव वीस पावलं असेल. मध्येच तिची कडी सुटली. माझी हातातच होती, त्यामुळं पेटी कलंडली आणि कोपरा फुटला. मी वऱ्हाडासमोर ओरडलो, "कोपरा फोडला ना!" कोपऱ्यावरून हात फिरवला, आत काही सुटलं का ते बघितलं. त्यानंतर वर बघितलं. अक्का जमिनीवर बसली होती, पोट धरून. तिला उचलायला नाना धावला. मी नाही.

डॉक्टर म्हणाले पोटात गाठ आहे, फार उशीर झाला. मी विचारलं, वजन उचलून झाली का? ते म्हणाले, नाही आबा, वजनानं हा रोग होत नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी तेच सांगितलं. रोग माझ्यामुळं झाला नाही हे मान्य. पण त्या दुखण्यासकट वर्षभर कडी तिनं धरली, ती कुणामुळं?

दवाखान्यातून घरी आणल्यावर तिनं पहिलं काय मागितलं? "आते ते हलकं लई या." आता तरी ते हलकं आणा. मी म्हणालो, आता कसलं वाजवणं आणि कसलं काय. ती म्हणाली, "पार्टीवाले तुमचं सामान उचलणार आहेत का?" मी जाऊन तोच तेरा किलोचा ॲम्प आणला.

घरात लावला. ती लोखंडी खाटेवर पडलेली. खाटेच्या दांडीला तळहात लावला आणि म्हणाली, वाजवा. मी वाजवला. गाणं संपेपर्यंत तिनं दांडीवरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "खाट बोली राहिनी." आणि लगेच, "पोकळ म्हणे!" त्या दुखण्यातही टोमणा सोडला नाही.

नंतरचे दिवस ती पडल्या पडल्या खोळ शिवत होती. चार टाके घालायची आणि सुई उशीत खोचून झोपायची. खोळ झाली आणि आठवड्यात ती गेली.

चार महिने मी कशाला हात लावला नाही. मग सावद्याला हळदीचा कार्यक्रम आला, नाना घ्यायला आला. मी ॲम्पला खोळ चढवली आणि सवयीनं म्हणालो, "ऐकलं का, धर." म्हणून दुसऱ्या बाजूला बघितलं. त्या बाजूला कडीला भोक नव्हतं, काहीच नव्हतं. खोळ तिथं सपाट शिवलेली. वर मधोमध एकच पट्टा आणि त्यावर तिच्या लुगड्याची चिंधी, तीन पदरी, जाड. एका माणसाच्या एका हातापुरती.

नाना म्हणाला, "आबा, द्या इकडं, आज मी घेतो." रीत मोडायला निघाला होता बिचारा. मी दिला नाही. एकट्यानं नेला. हलकाच आहे.

सावद्याला वाजवलं. लोक म्हणाले चांगलं झालं. मी सगळा वेळ शेवटच्या खांबाकडं बघत होतो. तिथं कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी स्वतः तिथं गेलो, खांबाला तळहात लावला. पण मी खांबापाशी उभा, तर वाजवणार कोण? खांब गप्प. परत येऊन वाजवायला लागलो, तर खांबापाशी कुणी नाही.

तेव्हापासून अकरा कार्यक्रम केले. शेवटपर्यंत पोचतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.