इंजिनाची आंघोळ

कृष्णात निकमांच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. फौजेत उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रकच्या स्टिअरिंगमागे नाहीतर ट्रकच्या पोटाखाली काढली होती. हवालदार म्हणून निवृत्त होऊन वाठारजवळच्या आपल्या गावी आले, ते फौजेतली शिस्त सोबत घेऊनच. शेतातले आल्याचे वाफेसुद्धा दोरी धरून सरळ पाडायचे. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून त्यावर नट आवळायचे पाने उंचीप्रमाणे मांडायचे आणि दारातली जुनी पेट्रोल गाडी तपासायला घ्यायचे. बायको दीपमाला म्हणायची, "आवं, आता तिला सॅल्यूट मारायला तेवढं शिकवा."

गाडी चालवायची त्यांची लेक, शिवांजली. लोणंदच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी साल्पे घाट उतरून जायची, संध्याकाळी चढून यायची. दीपमालाचा जीव त्या चढाच्या वेळी टांगलेला असायचा, पण निदान गाडी धड आहे एवढा तरी भरवसा होता. दसरा झाला आणि तोही गेला.

"आई, चढाला गाडी उचक्या देते," शिवांजलीने एक दिवस हात धुताधुता सांगितलं. "ॲक्सिलरेटर दाबला तरी पळत नाही. वळणावर मागून ट्रकवाले हॉर्न मारत सुटतात."

दीपमालाच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. कृष्णातांनी मात्र बाहेरूनच निकाल दिला. "पेट्रोल भिकार हाय हल्लीचं. दुसरं काय न्हाई."

त्यांनी टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंपही बदलून पाहिला. आता गाडी हरणासारखी पळेल म्हणून मिशीवर हात फिरवला. शुक्रवारी संध्याकाळी ती घाटातल्या वळणावर बंदच पडली. मागे भरलेला टेम्पो होता. त्याने कसाबसा ब्रेक मारला, आणि दुधाच्या गाडीवरच्या दोघांनी ढकलून ही गाडी कडेला घेतली. शिवांजली घरी आली तेव्हा तिच्या ओठांवर रंग नव्हता. 

दीपमाला ओरडली नाही. तिने शांतपणे सांगितलं, "सोमवारी ही गाडी अशी घाट चढणार नाही. एकतर जोतीरामभावजींना बोलवा, नाहीतर पोरीला लोणंदला खोली बघा."

बोलून तर गेली, पण खोलीचं नाव तिचं तिलाच नको झालं. पोर घाटात नको आणि परक्या गावात एकटीही नको. तिसरं काही सुचत नव्हतं.

जोतीराम म्हणजे कृष्णातांचा फौजेतला सोबती. वाठारला त्याचं गॅरेज होतं. शनिवारी सकाळी तो आला, काखेत गाडीचा दोष दाखवणारं यंत्र घेऊन.

"फकस्त बघायचं," कृष्णातांनी आधीच बजावलं. "हात लावायचा न्हाई."

"बरं गड्या. हात खिशात घालून बसतो. चहा तरी पाजतोस, का तोबी तूच पिणार?"

यंत्र म्हणालं, तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी पडत नाही. कृष्णातांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी बॅटरीची तार सोडली आणि तिसऱ्या प्लगवरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्यावरची तिसऱ्यावर. प्लगला वीज देणाऱ्या त्या बोटभर लांब काळ्या नळ्या. तार जोडून गाडी चालू केली, तर थरथर तीच, पण यंत्रावर आता पहिल्या सिलिंडरचं नाव आलं.

"कॉइलबरोबर दोष पण चालत गेला," शिवांजली म्हणाली. "म्हणजे पेट्रोल सुटलं निर्दोष."

कृष्णातांनी पुन्हा बॅटरीची तार सोडली. त्यांनी सगळ्या कॉइल उपसल्या. त्यांच्या टोकाचं रबर वयाने कडक होऊन चिरलेलं. मग टॉर्च लावून खाली प्लगच्या खड्ड्यात डोकावले आणि डोकावलेलेच राहिले. तळाला पाणी साचलं होतं. गंजाचं, तांबूस पाणी.

"ह्यात पाणी कुठनं आलं रं?" जोतीरामने विचारलं. "पाऊस तर बॉनेटमधनं एवढा आत शिरत न्हाई."

दीपमालाच्या डोळ्यांसमोर खंडेनवमी उभी राहिली. आल्याची माती धुवायचा प्रेशरचा पंप आणि पायजमा खोचून बॉनेट उघडून उभे असलेले हे. विळे, कुदळी, पाने, सगळ्यांची पूजा व्हायची आणि इंजिन तर पितळेच्या देवासारखं लखलखीत हवं असायचं. दर वर्षीची रीत होती. यंदा रबर थकलेलं निघालं, एवढंच.

"मीच घातलं," कृष्णात खाली बघत म्हणाले. "आंघोळ."

 जोतीरामलाच आधी हसू फुटलं. "आरं, देवाला आंघोळ घालतात, देवाच्या नाकात पाणी न्हाई सोडत!"

शिवांजली हसता हसता पोत्यावरच बसली. दीपमालाला मात्र रडू आलं, आणि ते रडू सुखाचं होतं. आजाराला नाव मिळालं होतं. नाव मिळालं की औषध मिळतं.

जोतीराम मोटारसायकलवर साताऱ्याला जाऊन नव्या कॉइल आणि प्लग घेऊन आला. या वेळी त्याचे हात खिशात नव्हते आणि कृष्णातांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दोघांनी हवा मारून खड्डे कोरडे केले. जुन्या प्लगांची टोकं झिजून बोथट झाली होती. नवे प्लग शिवांजलीने बसवले.

"आदी बोटानंच फिरव," कृष्णात तिच्या मागे उभे होते. "आटा सरळ बसू दे. पाना मग. आणि लय आवळू नगं."

इंजिन चालू झालं आणि दीपमालाने बॉनेटवर तळहात ठेवला. थरथर नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघं लोणंदला गेले, चहा प्यायले आणि परत फिरले. कृष्णात स्वतःहून डाव्या बाजूला बसले, स्टिअरिंग लेकीकडे. मागे दीपमाला पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून. घाट लागला. पहिलं वळण, मग ते वळण, जिथे टेम्पोने ब्रेक मारला होता. दीपमालाने डोळे मिटले. गाडीने आवाज थोडा चढवला आणि न अडखळता वर निघाली.

"काय म्हणतीय?" कृष्णातांनी विचारलं.

"पळतेय, अप्पा. तिसऱ्या गिअरमध्येच."

"मग पुढल्या वर्षी फडक्यानंच पुसू."

"आणि तो प्रेशरचा पंप?" शिवांजलीने आरशातून आईकडे पाहिलं. "आई, तू सांग ना यांना."

 घाटमाथा आला होता, आणि दीपमाला खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपली होती.