मागील दुरुस्ती: अज्ञात

ताईने पन्नाशीत पुन्हा कॉलेजात नाव घातलं तेव्हा घरात सगळ्यांनी तिची टर उडवली. तिचा धाकटा भाऊ या नात्याने मी जरा जास्तच. सत्तावीस वर्षं सरकारी इमारती दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअर बाईला जुन्या वास्तूंच्या जतनाची पदवी कशाला? पण तिला स्वस्थ बसणं माहीतच नाही. लोकांच्या घरी गेली तरी भिंतीवर टकटक करून म्हणायची, "गिलावा पोकळ वाजतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रबंधासाठी तिला जुनं वाचनालय मिळालं. दगड भुसभुशीत होऊन झडत होते. कारण तिला पहिल्याच दिवशी कळलं. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं.

तो गिलावा ताईनेच करून घेतला होता. नोकरीतलं पहिलं स्वतंत्र काम, बाबा मुद्दाम बघायला गेले होते.

अहवालात तिने लिहिलं, 'मागील दुरुस्ती: अज्ञात.'

"फाइल केव्हाच गहाळ झालीय," ती मला म्हणाली. "कुणाला कळणार नाही."

"मग झालं तर! रिटायर व्हायला आलीस, आता कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?"

हे मीच बोललो, नाकारत नाही. त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. घासलेली भांडी पुन्हा घासायची, विचारलं तर अंगावर यायची. तिच्याच अहवालावरून गिलावा काढायला सुरुवात होणार त्या सकाळी मला म्हणाली, "स्कूटर काढ. आत्ता."

आम्ही पोचलो तेव्हा गवंड्याने पहार लावलीच होती.

"थांबा!" ताई ओरडली. "गिलाव्याच्या आत तारेची जाळी आहे. ती धरून ठेवायला फुटाफुटावर लोखंडी खिळे ठोकलेत, वीतभर खोल. ओढलंत तर दगड फुटतील."

तिची मार्गदर्शक, वयाने तिच्याहून बरीच लहान, गोंधळली. "पण अहवालात तर अज्ञात लिहिलंय. तुम्हाला कसं माहीत?"

"मीच ठोकून घेतलेत."

मला वाटलं, सुटली एकदाची. तेवढ्यात गवंड्याने पहार खाली ठेवली आणि साधेपणाने विचारलं, "मॅडम, असं काम आणखी कुठेकुठे केलंत?"

ताई बोटांवर मोजू लागली. एक हात संपला. दुसऱ्या हाताची तीन बोटं झाली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.