माहे मार्क मले द्या

बी.ए. झाल्यावर टीसी आणायला मी वर्ध्याच्या कॉलेजात गेले होते. ऑफिसच्या खिडकीशी माझ्यापुढे एक मुलगी उभी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली मार्कलिस्ट ती सारखी ओढणीने पुसत होती. तिने गृहअर्थशास्त्र घेतलं होतं आणि मार्कलिस्टवर आलं होतं संगीत, तेही भरघोस मार्कांसकट.

"अवं पोरी, फायदाच झाला न तुहा," खिडकीतले म्हातारे बाबू म्हणाले. "दुरुस्ती केली तं फर्स्ट क्लास जाईन. राहू दे न."

"जाऊ द्या काकाजी. मले गाताच येत नाई. उद्या नोकरीच्या जागी कोनी गाऊन दाखव म्हनलं, तं काय करू? कमी असू द्या, पन माहे मार्क मले द्या."

रांगेत हशा पिकला. ती जागची हलली नाही. मला तर तिचा रागच आला, कारण माझी बस चुकत होती. शेवटी बाबूंनी दुरुस्तीचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पोच तिच्या हातात दिली. ती पोचही पिशवीत गेली.

पुढच्या हिंगणघाट गाडीत ती नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली. तिला पुढे वडनेरला जायचं होतं. पिशवी मांडीवर ठेवून, खिडकीबाहेरची कपाशी बघत ती खुशीत गुणगुणायला लागली. गाडीने वेग घेतला तसा तिचा आवाजही चढला.

पोरगी ऑफिसच्या खिडकीशी अगदी खरं बोलली होती. हिंगणघाट येईपर्यंत मी तिचं गाणं आनंदाने ऐकलं.