डावीकडचा तिसरा हात

आमच्या प्रयोगशाळेत विजयमालाताई चित्रं काढतात. कसली, तर स्पिरिटच्या बरण्यांत ठेवलेल्या मेलेल्या प्राण्यांची. मूळच्या वारज्याच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्या शेतात आता बिल्डिंगा उभ्या आहेत आणि ताई स्वारगेटला बस बदलून कामाला येतात. समुद्र आयुष्यात एकदाच बघितलाय, तोही हरिहरेश्वरला, लांबून.

पण समुद्राच्या तळाशी त्यांच्याइतकं कोणी राहिलं नसेल. खोल पाण्यातला ऑक्टोपस आला की बाई आधी ट्यूबलाइट बंद करतात. "तिथं कुठं उजेड हाय?" म्हणतात. टेबलावरचा दिवा तेवढा चालू, ट्रेमध्ये तो फिकट जांभळा जीव, आठही हात सैल सोडून पडलेला. ताई पेन्सिलीला शिवतसुद्धा नाहीत, दुपारभर नुसत्या बघत बसतात. बाहेर रिक्षा कोकलत असतात, आणि आत आपण सगळेच हळूहळू खाली, आणखी खाली चाललोय असं वाटायला लागतं. मला तर एकदा भर मे महिन्यात चक्क थंडी वाजली.

मी शेफाली. ऑक्टोपसच्या जाती ओळखणं हे माझं काम, आणि डोकं कायम गरम. तीन वर्षं एकाच ऑक्टोपसच्या मागे होते. जात नवीन आहे असं मन सांगायचं, पण हातांवरच्या चिकटायच्या वाट्या मोजा, चोच बघा, सगळं मेलं जुन्याच जातीशी जुळायचं. नवीन म्हणायला एक तरी ठाम फरक हवा. तो सापडेना. तीन वर्षं मातीत जाणार होती.

तेवढ्यात ताईंचं चित्र आलं. नराच्या एका हाताचं टोक पळीसारखं पसरट असतं. त्याच्या सगळ्या भाऊबंदांत तो उजवीकडचा तिसरा हात. ताईंनी काढला होता डावीकडचा.

झालं, माझं टाळकं फिरलं. प्राणी पोट वर करून ठेवला की डावं-उजवं उलटतं, नवशिके हीच चूक करतात.

"अहो ताई, तीस वर्षं चित्रं काढताय ना? डावा कुठला नि उजवा कुठला, हे आता मी शिकवू?" सगळ्यांसमोर बोलले.

त्यांनी चष्मा पुसला, डबा आवरला आणि गेल्या. मी कॉम्प्युटरवर चित्र आरशासारखं उलटवून पळी उजवीकडे आणली आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्याकडचे त्या जातीचे तिन्ही नर ट्रेमध्ये मांडून बसल्या होत्या. खोलीत तोच मंद उजेड.

"मॅडम, जरा मोजा."

मी पाठीकडून बोटाने मोजत गेले. एक, दोन, तीन. पळी डावीकडे. दुसऱ्याची डावीकडे. तिसऱ्याचीही डावीकडे! सगळ्यांचा उजवा असतो म्हणून मी तीन वर्षं तो उजवाच धरून चालले होते. आणि ज्या फरकासाठी जिवाचं रान केलं, तो काल मीच माझ्या हाताने पुसला होता.

"चुकलं माझं, ताई," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. "किती बोलले हो मी तुम्हाला."

"मला बोललात त्याचं काय न्हाय," ताई ट्रेमधला एक हात नीट करत म्हणाल्या. "पर ह्याच्याकडं न बघताच बोललात."