रानकोंबड्याची चार उत्तरं

होळीनंतरचा सहावा दिवस, शनिवार. हजर: बाबा, वय पंचाहत्तर, मी, त्यांची थोरली मुलगी, वय एकोणपन्नास, आणि बाबांनी पिल्लापासून वाढवलेला बोलका कोंबडा. धाकटा भाऊ बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीपर्यंत सोडायला आला आणि तिथूनच परत फिरला.

मी ब्रह्मपुरीत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. तांदूळ किती उरला, कोणत्या मुलीला कोणती गोळी चालत नाही, कुणाचा रजेचा अर्ज आला, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. त्या शनिवारी आम्ही जे करायला निघालो होतो तो कायद्याने गुन्हा आहे हे मला माहीत होतं. बाबांनाही होतं. गावात रानकोंबड्यांना फासे लावणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि बाबांनीही ते सोडलं होतं. तरी आम्ही गेलो, त्याचं कारण आधी सांगते.

बाबांचे कान गेले होते. एकदम नाही, दोनेक वर्षांत हळूहळू. भाऊ शेताच्या धुऱ्यावरून मोटारसायकल घेऊन मागून आला, हॉर्न वाजवत राहिला, आणि बाबा मधोमध चालत राहिले. तेव्हा घरात पहिल्यांदा उघड बोलणं झालं. मी ब्रह्मपुरीहून कानाचं मशीन करून आणलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि मग चहापत्तीच्या डब्यात ठेवून दिलं. त्यातून भांड्यांचा आवाज येतो, माणसाचा येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऐकू न येणारा माणूस घरात बसला तर प्रश्न नाही. पण बाबा मोह वेचायला रोज पहाटे एकटे जंगलात जायचे. त्याच महिन्यात पलीकडच्या गावातली एक बाई मोहाखालून वाघाने नेली. सोबतच्या बायका वाचल्या, कारण वाघ दिसल्यावरचं माकडांचं खोकणं ऐकून त्या आधीच एकत्र झाल्या होत्या. ती थोडी दूर वाकलेली होती. ही गोष्ट आमच्या अंगणात सांगितली गेली तेव्हा बाबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. अर्धी त्यांना कळलीच नसावी.

भावाने मला फोन करून बोलावलं. तो म्हणाला, "बाई, तूच सांग त्याले. माहं आयकत नाई, तुहं आयकते." मी शेअर जीपने आले आणि बाबांना कानाशी ओरडून सांगितलं की आता जंगल बंद. मग त्यांनी आपणहून पैज मांडली. रानकोंबडा धरून दाखवतो. धरला, तर कुणी मला अडवायचं नाही. नाही धरला, तर जंगलाचं नाव काढणार नाही. रानकोंबडा कानाने धरतात, डोळ्याने नाही, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी हीच परीक्षा निवडली. साक्षीदार म्हणून मी. मी कधी अशी गेले नव्हते. आमच्यात मुलींना नेत नसत.

भावजयीला वाटलं मी नाही म्हणेन. मी हो म्हटलं, कारण मला खात्री होती की ते हरतील.

पहाटे अंधारात निघताना बाबांनी माझी तपासणी केली. मी पिशवीत पाणी, टॉर्च, बिस्किटं, बँडेज, काडीपेटी घेतली होती. त्यांनी सगळं बाहेर काढून पायरीवर मांडलं आणि फक्त पाणी परत ठेवलं. "हजेरीबुक नाई आणलं का?" असं विचारून स्वतःच हसले. पावडरचा वास येतो म्हणून तोंड धुवायला लावलं. शेवटी माझा हात धरला, काचेच्या बांगड्या मनगटावर सरकवून त्यावर फडक्याची पट्टी घट्ट गुंडाळली. "याची किणकिण त्याले कोसभर आयकू जाते," म्हणाले. स्वतःला ती किणकिण ऐकू येत नसताना त्यांनी ती बांधली, आणि गाठ मारताना एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

बोलका बांबूच्या टोपलीत होता. बोलका म्हणजे आमिषाचा कोंबडा. त्याला विकत नाहीत, कापत नाहीत. म्हातारा होऊन मेला तर बाबा परसात पुरायचे. फासे सोडले तरी बोलका पाळणं त्यांनी सोडलं नव्हतं. हा पाचवा की सहावा असेल. त्याला पहिला घास बाबांच्या ताटातला, आणि आम्हा भावंडांना लहानपणी मिळाला नसेल इतक्या हळू आवाजात ते त्याच्याशी बोलत.

नाल्याच्या अलीकडे, ऐनाची झाडं जिथे विरळ होतात तिथे, बाबांनी जागा धरली. खुंटी ठोकून बोलक्याचा पाय दोरीने बांधला. त्याच्याभोवती गोल करून बांबूच्या काड्यांवरचे फासे रोवले. प्रत्येक काडी रोवून झाली की बोटाने तिच्याभोवतीची पानं परत सारखी करत. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला येत होता, पण एकही काडी वाकडी गेली नाही. मग आम्ही तीसेक पावलांवर झुडपामागे बसलो. शेजारी शेजारी नाही. त्यांनी मला समोर बसवलं, तोंड त्यांच्याकडे. पाठ बोलक्याकडे करू नको, थोडी तिरपी बस, असंही खुणेने सांगितलं.

नियम त्यांनी घरीच समजावले होते. बोलका बांग देतो. आसपास रानातला कोंबडा असेल तर त्याला ते सहन होत नाही. तो उत्तर देतो आणि भांडायला चालत येतो. उत्तर आलं की हलायचं नाही, श्वाससुद्धा मोजून घ्यायचा. आठदहा बांगांना उत्तर आलं नाही, तर जागा सोडायची. रिकाम्या जागी ओरडत ठेवलेला बोलका खचतो आणि पुढे तोंड उघडत नाही.

उजाडायला लागलं. बोलक्याने पंख झटकले आणि पहिली बांग दिली. दुसरी दिली. तिसरीनंतर लांबून एक बांग आली. मला ती गावातल्या एखाद्या कोंबड्याची वाटली. मी काहीच केलं नाही. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

बोलका पुन्हा ओरडला. पुन्हा तीच बांग आली, या वेळी नाल्याच्या बाजूने. गाव नाल्याच्या बाजूला नाही. शिवाय ती वेगळी होती. घरच्या कोंबड्याची बांग शेवटाला लांबत जाते. ही मध्येच विळ्याने कापल्यासारखी तुटली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेच ते उत्तर. आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं की बाबांनी मला समोर का बसवलं. ते माझ्या चेहऱ्यावरून ऐकत होते. मी डोळे मोठे केले असते, नुसती मान हलवली असती, तरी त्यांना पुरलं असतं. त्यांनी भुवया किंचित वर केल्या. विचारत होते.

पहिल्या वेळी मी अडाणी होते. पुढच्या वेळी नव्हते.

माझ्या डोळ्यांपुढे ती मोहाखालची बाई होती. हा कोंबडा बाबांना मिळाला तर उद्यापासून ते रोज एकटे येतील, आणि एक दिवस भावाचा फोन येईल. वसतिगृहात रात्री मुली खोटं बोलतात तेव्हा त्यांच्यासमोर चेहरा कसा कोरा ठेवायचा याचा मला वीस वर्षांचा सराव आहे. मी तो चेहरा ठेवला. मान डावीकडून उजवीकडे हलवली. नाही.

तिसरं उत्तर अगदी जवळून आलं. मी बांगड्यांवरचं फडकं घट्ट धरून बसले. चौथं आलं तेव्हा मला पाचोळ्यात त्याचे पायही ऐकू येत होते. चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. मी बाबांच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

बाबांनी बोलक्याची चोच बघून बोटांवर बांगा मोजल्या होत्या. दहा झाल्या. ते हात टेकून उठले. त्यांची पाठ नाल्याकडे होती. त्यांच्या मागे, वीस पावलांवर, तांबूस सोनेरी मानेचा कोंबडा उभा होता, एक पाय वर धरलेला. बाबा उभे राहिले तसा तो फडफडत उडाला आणि नाल्यापार गेला. एवढा मोठा आवाज झाला की मी दचकले. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते टोपली उचलत होते.

बोलक्याजवळ गेल्यावर ते थांबले. त्याच्या मानेची पिसं छत्रीसारखी फुललेली होती आणि तो दोरीला हिसके देत नाल्याकडे ओढत होता.

"हा असा फुगला काऊन?" त्यांनी विचारलं.

मी खांदे उडवले.

"तुह्या कानाले काही आलं नाई ना?"

"नाई बाबा," मी कानाशी वाकून म्हटलं.

"मंग नसन आलं," ते म्हणाले. "तू लिहून ठेवणारी बाई. तू कायले खोटं सांगशीन?"

त्यांनी फासे एकेक करून काढले, गुंडाळले. बोलक्याची पिसं हाताने खाली बसवली. येताना टोपली मला घेऊ दिली नाही.

घरी त्यांनी शब्द पाळला. फासे त्यांनी त्याच दुपारी चुलीत घातले. भावजयीने मला आत बोलावून कुजबुजत विचारलं, खरंच आला नाही का? मी तिलाही नाही म्हटलं. सगळ्यांना बरं वाटलं. भावाने संध्याकाळी मासोळी आणली.

आता वर्ष झालं. मोह पुन्हा गळायला लागला आहे आणि बाबा अंगणात बसून असतात. त्यांना वाघाने नेलं नाही. माझा हिशेब बरोबर निघाला असं भाऊ म्हणतो. पण ते फार बोलत नाहीत, जेवण अर्ध्यावर आलं आहे, आणि आलेल्या प्रत्येकाला एकच सांगतात: नाल्याकडचे कोंबडे संपले. इतकी वर्षं होते, आता एकही उरला नाही. स्वतःच्या कानांबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. मागच्या खेपेला शेजारचा म्हातारा म्हणाला की मी तर परवाच ऐकला. तर बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. "माही पोरगी होती संग. तिनं नाई आयकला." बोलका सकाळी ओरडतो तेव्हा त्याची चोच हललेली बघून बाबा अंगणातल्या माणसांकडे बघतात. मीही तिथे असते कधीकधी, आणि दाराआड होते.

हे त्यांना सांगायला हवं. जंगलात जाऊ देण्यासाठी नाही; आता ते चालूच शकणार नाहीत तेवढं. फक्त कोंबडे आहेत, एवढं कळावं म्हणून. पण सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं, आणि ओरडलं की भाऊ, भावजय, शेजार सगळे ऐकणार. म्हणून मी लिहून द्यायचं ठरवलं. बाबा चौथी शिकलेले आहेत, मोठं अक्षर वाचतात. कागद तयार आहे. पहिलं उत्तर लांबून. दुसरं नाल्याच्या बाजूने. तिसरं जवळून. चौथ्या वेळी पायांचा आवाज. खाली एक ओळ: मी ऐकलं होतं.

या रविवारी द्यायचा आहे. मागचे तीन रविवारही हेच ठरलं होतं.