तीन बोटांवरची घंटा

कौशल्याक्का कुठेही गेल्या तरी आधी ठोकून बघत. नारळ, कलिंगड, माठ, नव्या घराची भिंत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पेराने एकदा टक् करायचं आणि मान किंचित तिरकी करून थांबायचं. नातवाच्या मुंजीत त्यांनी भटजींचा तांब्या ठोकला होता, आणि भटजींनीही निमूटपणे दुसरा मागवला होता.

राजाजीनगरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला एवरसिल्वर. स्टीलला तिथे सगळे तेच म्हणत. मागच्या फळ्यांवर पितळ आणि कासं: समया, कळशा, देवघरातल्या घंटा. ओतीव मालात कधी केसाएवढी चीर राहून जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, आवाजात कळते. येलहंक्याहून सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना पहिल्याच महिन्यात हे शिकवलं. नवरा, गिरीराज, हिशेबाचा माणूस होता, कान अक्कांचा. तो गेल्यावरही अक्का दुकानातल्या आपल्या स्टुलावर बसत राहिल्या. त्या कानडी शहरातली जुनी मराठी घरं लग्नाची भांडी घ्यायला त्यांच्याकडेच येत, आणि अक्कांनी ठोकल्याशिवाय कळशी घेत नसत.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, गणपतीच्या आधी तुंगाबाई एक घंटा परत घेऊन आल्या. दुकानात गर्दी होती.

"अक्का, तुमची घंटा वाजत नाही हो, खोकते," तुंगाबाई म्हणाल्या. "आरती सुरू झाली की देवाला वाटतं, घरात कुणी आजारी आहे."

सगळे हसले. अक्काही हसल्या. पण त्यांच्या हातून चिरलेली घंटा गेली होती, आणि पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात एक समई परत आली. मग एक कळशी.

"आई, पुरे झालं आता," मुलगा पवनकुमार म्हणाला. "दीपावळीपासून तू घरी बस. पितळेचा माल मी काढून टाकतो. एवरसिल्वरला ठोकून बघावं लागत नाही."

"आणि मी घरी बसून काय ठोकू? तुझं डोकं?"

"ठोक की. रिकामं आहे म्हणून तूच सांगतेस."

तो वाईट बोलला नव्हता. त्याला वाटत होतं, आई थकली. खरी गोष्ट अक्कांनी कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून त्यांचा डावा कान जवळजवळ बंद होता, आणि उजवाही हळूहळू त्याच वाटेने निघाला होता. भांडं ठोकताना त्या आता ते दोन्ही हातांनी घट्ट धरत आणि उजव्या कानाजवळ नेत. सगळा जीव कानात आणत, तरी नीट काही ऐकू येत नसे. स्टूल सुटलं तर आपण कोण उरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दीपावळीला अठरा दिवस होते.

सून शिल्पाश्री बँकेत होती. सासूला ती कानडी रीतीने अत्ते म्हणे. एका रविवारी ती म्हणाली, "अत्ते, चला, बसवनगुडीला जाऊन येऊ. तिथे एका मेष्ट्रूंनी घरातच वाद्यं मांडली आहेत. सगळी वाजवून बघता येतात."

मेष्ट्रू म्हणजे मास्तर. हयवदन मेष्ट्रू शाळेतून निवृत्त झाले होते, आणि त्यांनी आयुष्यभर गोळा केलेली तालवाद्यं घराच्या तीन खोल्यांत ठेवली होती. दारावर कानडीत पाटी होती: हात लावावा. चपला बाहेर, हात मात्र आत, असं ते प्रत्येकाला सांगत आणि स्वतःच हसत.

पहिल्या खोलीत मृदंग, खंजिरी, ढोलकी. अक्कांनी ढोलकीवर एक थाप मारून पाहिली आणि सवयीने कडीही ठोकली. दुसऱ्या खोलीत डोळ्ळू, म्हणजे कमरेएवढा मोठा ढोल, होता. त्याच्याभोवती एका शाळेची बारा-पंधरा मुलं जमली होती, आणि त्यांच्या हातांत काठ्या होत्या. त्या घरात तेव्हा कुणालाही कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. शिल्पाश्री ओरडून काहीतरी म्हणाली. अक्कांनी मान हलवली. बऱ्याच दिवसांनी सगळे त्यांच्यासारखेच झाले होते, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

तिसऱ्या खोलीत चटईवर पाच घटम होते, जाड पोटाचे, विटकरी रंगाचे मातीचे घडे. मेष्ट्रू मुलांना एक खेळ देत: यातला एक चिरलेला आहे, वाजवून ओळखा.

"कुणाला जमतं?" शिल्पाश्रीने मेष्ट्रूंच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"शंभरात चौघांना," मेष्ट्रू ओरडून म्हणाले. "आणि आज तर मलाही जमणार नाही. ही वानरसेना जाईपर्यंत थांबा स्वल्प."

शिल्पाश्री थांबली. अक्का मात्र चटईवर बसल्या. त्यांनी पहिला घट उचलला आणि नेहमीसारखा घट्ट धरून कानाजवळ नेला. डोळ्ळूच्या धडधडाटात कानाचा उपयोगच नव्हता. त्यांनी घट खाली घेतला. मग, सासऱ्यांनी शिकवलं होतं तसा, डाव्या हाताच्या तीन बोटांवर नुसता ठेवला. किती वर्षांत तसा धरला नव्हता. उजव्या पेराने टक् केलं.

बोटांना कळलं. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळते तशी एक बारीक थरथर घटाच्या बुडातून आली, बोटांत पसरली आणि सावकाश विझली. दुसऱ्या घटाचं तेच. तिसऱ्याची थरथर मध्येच अडखळली, जिन्याची एक पायरी चुकावी तशी. अक्कांनी तो बाजूला ठेवला. चौथा त्यांनी दोनदा ठोकला. मग तोही बाजूला ठेवला.

तेवढ्यात मुलांना त्यांच्या बाईंनी बाहेर बोलावलं आणि घर एकदम शांत झालं.

"तिसरा बरोबर," मेष्ट्रू खूश होऊन म्हणाले. "हा चौथा मात्र चांगला आहे, अम्मा. गेल्याच शनिवारी मी वाजवला."

"वाजतो. पण चिरलाय."

"चाळीस वर्षं ऐकतोय मी घटम."

"मग आता बघा. फडकं ओलं करून आणा."

मेष्ट्रू हसले, पण फडकं घेऊन आले. अक्कांनी घट पुसला आणि खिडकीपाशी धरला. तिघंही बघत राहिले. ओल उडत गेली, माती पुन्हा फिकी झाली. फक्त गळ्याखाली वीतभर एक काळसर रेघ राहिली.

मेष्ट्रूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कानाने कसं पकडलंत हो? एवढ्या गोंगाटात?"

"कानाने कुठलं," अक्का म्हणाल्या. "कान तर केव्हाच गेले."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण हे शिल्पाश्रीसमोर बोललो. तिने सासूच्या मांडीवरचा घट उचलून तीन बोटांवर धरायचा प्रयत्न केला आणि तो जवळजवळ पाडलाच.

"अगं, हळू!" अक्का आणि मेष्ट्रू एकदमच ओरडले.

रिक्षात अक्का म्हणाल्या, "मी तो आवाज ऐकायच्या नादात भांडी आवळून धरत होते. आवळलं की भांडं बोलणार कसं?" मग बराच वेळ त्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होत्या.

घरी गेल्यावर त्यांनी पवनकुमारला सरळ सांगितलं, डावा कान गेला, उजवा निम्मा आहे. आधी का नाही सांगितलंस, असं तो दोनदा म्हणाला. मग अक्का त्याला खालच्या दुकानात घेऊन गेल्या. नावं कोरायचं यंत्र त्यांनी त्यालाच एका ताटावर चालवायला लावलं. त्याचा कर्र आवाज दात शिवशिवतील असा होता. त्या आवाजात त्यांनी शेल्फावरच्या बावीस घंटा, आतला लोलक बोटाने अडवून, एकेक तीन बोटांवर ठेवून ठोकल्या, आणि दोन वेगळ्या काढल्या. पवनकुमारने यंत्र बंद केलं. त्या दोन घंटा त्याने स्वतः वाजवून पाहिल्या. दोन्ही खोकल्या.

"सरी, बरं," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकाशी बोलायला शनिवारी शिल्पा बसेल. तू 'कळशी दाखवा' म्हटलं की कढई काढतेस."

"कढई महाग असते," अक्का म्हणाल्या.

दीपावळीच्या आधीच्या शनिवारी तुंगाबाई आल्या. अक्का स्टुलावर होत्या. तुंगाबाईंनी तोंड उघडायच्या आतच त्यांनी मागच्या फळीवरून एक घंटा काढली, तीन बोटांवर ठेवली, ठोकली आणि डोळे मिटून थांबल्या. मग ती तुंगाबाईंच्या डाव्या हातावर तशीच ठेवली आणि पुन्हा ठोकली.

"अय्या," तुंगाबाई म्हणाल्या. "गुदगुल्या होतात की!"

"काय म्हणतात?" अक्कांनी सुनेला विचारलं.

शिल्पाश्रीने मोठ्याने सांगितलं. अक्का मान हलवून घंटा कागदात गुंडाळू लागल्या.