उभ्याचं माप

बांध संपून पायवाट गावाकडे वळली तेव्हा केरूकाकांनी पिशवीतून लाकडाचे तीन तुकडे काढले आणि चालता चालताच विमलबाईंच्या हातात दिले. कासू स्टेशन मागे पडून अर्धा तास झाला होता. अजून तेवढंच चालायचं होतं. जे सांगायला त्या रोह्याहून सकाळच्या गाडीने निघाल्या होत्या, ते मात्र अजून तोंडातून बाहेर पडलं नव्हतं.

सांगायचं होतं ते एवढंच, की कपाट ठेंगणं झालंय.

गोष्ट नव्वद सालची. रोह्याच्या त्यांच्या आळीत एकेका घरातली शेगडी जमिनीवरून उठून ओट्यावर चढत होती. विमलबाईंच्या घरीही गॅस आला, ओटा झाला. ओट्याच्या बाजूला डबे-बरण्यांसाठी उभं कपाट हवं होतं, आणि ते बाजारातलं नको होतं. वडील गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी माहेरच्या परसातला फणस वादळात पडला होता. भावाने त्याच्या फळ्या कापून ठेवल्या आणि ह्या ताईच्या नावाच्या, असं सगळ्यांना सांगून टाकलं. त्या फळ्यांना हत्यार लावायचं तर ते गावच्या केरू सुतारानेच, हे कोणी बोललंसुद्धा नाही. सगळे तसं धरूनच चालले होते.

केरूकाकांनी बापाच्या हाताखाली नांगर केले, जू केली. पुढे हमरापूरच्या मूर्तीवाल्यांना गणपतीचे पाट करून देऊ लागले. देवाला टेकायचं म्हणून पाटाची खालची बाजूही वरच्यासारखीच घासायचे. कोण बघतंय खालून, असं कोणी हसून विचारलं, तर ज्याचा पाट तो बघतोय, म्हणायचे. फडताळं आणि कपाटं करायला लागले तरी हात तोच राहिला. एक गोष्ट मात्र त्यांची त्यांचीच होती. टेप ते लाकडाला लावत, बाईला नाही. बाईचं माप बांबूच्या कांबीवर. जिच्या घरात कपाट जायचं ती स्वयंपाक करताना बघायचं, तिचा हात सहज कुठवर पोचतो तिथं कांबीला खाच पाडायची. त्या खाचेवर वरचा खण, दुसऱ्या खाचेवर कडी.

मार्गशीर्षात ते माप घ्यायला रोह्याला आले तेव्हा ओट्याच्या नुसत्या विटा लागल्या होत्या. रोज करतेस तशी भाकरी कर, मी बघतो, म्हणाले. विमलबाईंनी नेहमीच्या सवयीने पाट ओढला, शेगडीपुढे बसल्या आणि पीठ मळायला घेतलं. आता हात वर कर, म्हणाले. त्यांनी बसल्या बसल्याच हात वर केला. काकांनी खाच पाडली, चहा घेतला आणि गेले. दोघांनाही काही चुकलं असं वाटलं नाही.

गेल्या सोमवारी कपाट टेंपोने आलं. ओट्याच्या बाजूला ठेवलं तर विमलबाईंच्या छातीला लागलं. कडी काढायची तर कंबरेत वाकायचं. धाकटी जाऊ सरू त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "वैनी, कपाट आणलंत खरं, पण ते अजून बसलेलंच हाय. उठवा त्याला कोणीतरी."

घर हसलं. विमलबाईही हसल्या. मग देवाजवळ दिवा लावताना त्यांचे डोळे भरून आले. यजमान म्हणाले, परत पाठव, पत्र्याचं कपाट आणू. उद्या काका पॉलिश करायला येणार होते. पॉलिशचा हात फिरला की काम पुरं, मग त्याला करवत लावायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणजे सांगायचं ते आजच. आणि साठी उलटलेल्या, ज्याच्या कामात कोणी कधी खोट काढली नाही अशा माणसाला, चुकलं हे कसं सांगायचं?

आज काका नेमके पेणहून पॉलिशची चपडी लाख घेऊन कासूलाच उतरले. माहेरी का, त्यांनी विचारलं. विमलबाई व्हय म्हणाल्या.

"बघ," काका आता सांगत होते. तीन तुकड्यांपैकी एकावर सनमायका होता, एकावर ऑइलपेंट, एकावर चपडीचं पॉलिश. महिनाभर ते घरी मैनाकाकीच्या चुलीजवळ ठेवले होते. हळदीचा, तेलाचा, कालवणाचा हात रोज त्यांनाच पुसायचा, अशी काकीला ताकीद होती. सनमायका पहिल्या दिवसासारखाच चकचकीत होता. पेंट धुरकट पिवळा पडला होता. चपडीच्या तुकड्यावर मधासारखा रंग चढला होता आणि मधोमध गरम टोपाचा पांढरा गोल उमटला होता.

"ह्याला डाग पडतो, खोटं नाय सांगत. पन परत हात मारला का जातो. सनमायकाचा टवका उडाला का उडाला." मग सनमायकावर बोट ठेवून म्हणाले, "आनि त्याच्याखाली तुज्या बापाचा फनस दिसायचा नाय."

विमलबाई तुकड्यांकडे बघतच चालत राहिल्या.

वाटेत गावदेवीचं देऊळ लागतं. देऊळ कसलं, चार खांब नि कौलं. त्यांनी चपला काढून हात जोडले. माहेरी येताना दर वेळी काहीतरी मागायच्या, कधी मुलाच्या परीक्षेचं, कधी सासूच्या दुखण्याचं. आज म्हणाल्या, आई, मला नीट बोलता येऊ दे, ह्यांचं मन मोडू नको. मागे काका टोपी हातात घेऊन उभे होते. त्या वळल्या आणि तिथंच सांगून टाकलं.

"काका, कपाट ठेंगणं झालं. चूक माझी हाय. मी बसून माप दिलं."

काकांनी टोपी घातली, चालू लागले. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "ओट्याच्या विटा माज्या डोळ्यांपुढं व्हत्या गो. त्या मलाच दिसाया पायजे व्हत्या."

घरी मैनाकाकी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती. विमलबाईंना बघून तिचा चेहरा उजळला, पण उठायला तिला वेळ लागला. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, आणि उभी राहिली तरी पाठ पुरती सरळ झाली नाही. तुकडे विमलबाईंच्या हातात बघून म्हणाली, "महिनाभर ह्या फळ्या पुसल्या मी. देवाची पन येवढी सेवा नाय केली कदी."

काकांनी आढ्याला खोचलेली कांबींची मोळी काढली, पडवीत सोडली आणि एकेक कांब मांडत गेले. ही इंदुबाई, ही गिरजाबाई, ही खांब गावची रंभा. कुठल्याच कांबीवर अक्षर नव्हतं, तरी त्यांना एकेक बाई ओळखू येत होती. विमलबाईंची कांब शेवटची. सगळ्या खाचा वीतभर मागेपुढे, एका ओळीत.

"चाळीस वर्सं बायांची मापं घेतोय," ते म्हणाले, "एकपन उभी नाय."

मग त्यांच्यातला सुतार जागा झाला. कापायचं काही नाही, खाली दीड हाताचा एक खण जोडायचा, कांदे-बटाटे राहतील. पण फणस उरला नव्हता. घरात शिवणीच्या लाकडाच्या फळ्या होत्या, त्या पडल्या पांढऱ्या. फणस पिवळा. जोड लपवायचा तर सनमायकाच मारावा लागेल, हे त्यांनी खाली बघत सांगितलं.

विमलबाईंनी दोन तुकडे पिशवीत टाकले आणि डाग पडलेला तेवढा त्यांच्यापुढे धरला.

"जोड दिसंल," काका म्हणाले.

"दिसू दे. कोणी विचारलं तर सांगेन, बसलेलं कपाट काकांनी उभं केलं." सरूचं बोलणंही मग त्यांनी सांगितलं. काकी तोंडाला पदर लावून हसली. काकाही हसले, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. काकी चहा ठेवायला परत चुलीपुढे बसत होती, आधी हात जमिनीला, मग गुडघा, मग हळूहळू सगळी. काका ते पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहिले.

चहा झाल्यावर ते विमलबाईंना माहेरच्या वाटेला लावून द्यायला कुंपणाच्या बेड्यापर्यंत आले. हातात एक नवी कांब होती, चांगली पुरुषभर लांब. तिच्यावर एकही खाच नव्हती. त्यांनी एकदा मागे घराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"इमल, येक मागनं हाय. पॉलिश सुकलं का मी मैनेला रोह्याला आनतो येक दिस. तुज्या ओट्यापुढं तिला चार भाकऱ्या करू दे. मी बाजूला ही कांब घेऊन ऱ्हातो. तिला आदी सांगू नको गो, नायतर यायची नाय."